मावशींचे तीन बाजार

सकाळी सहाला पुणं सोडलं तेव्हा माझ्या यादीत अकरा कामं होती आणि गाडीत औषधशास्त्राचे शेवटच्या वर्षाचे चार विद्यार्थी. दर पंधरवड्याला मी त्यांना शिरूरच्या एका छोट्या दवाखान्यात नेते. डॉक्टरांनी तपासलं की रुग्ण आमच्या टेबलाशी येतो आणि औषध कसं घ्यायचं ते मुलं समजावतात. पुस्तकातून हे येत नाही.

नगर रस्त्याची गर्दी टाळायला सोलापूर रस्त्याने निघालो. यवतला ढाब्यावर मिसळ खाल्ली आणि रक्तदाब मोजायचं यंत्र तिथेच बाकावर राहिलं. चौफुल्याहून मागे फिरावं लागलं.

"मॅडम, यादीत यंत्र 'घेणे' होतं, 'परत घेणे' नव्हतं," चौघांतली ऋतुजा म्हणाली. तेही लिहून टाकलं.

न्हावऱ्याच्या रस्त्याला दोन्हीकडे ऊस. ट्रॉल्यांच्या मागे रखडत शिरूरला पोचलो तेव्हा बाकं भरलेली होती.

तिसऱ्या नंबराला हिराबाई मावशी आल्या, डॉक्टरांकडे न जाता थेट आमच्या टेबलाशी. सांधेदुखीची त्यांची गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते, जास्त झाली तर जिवावर बेतते. मागच्या खेपेला मीच चार आठवड्यांच्या चार पुड्या बांधून दिल्या होत्या. माणूस वार विसरतो, आठवडी बाजार विसरत नाही, म्हणून सांगितलं होतं, "बाजारादिवशी एक." माझी ही आवडती युक्ती. रुग्णाशी कसं बोलायचं याची मुलांना दिलेली जी यादी आहे, तिच्यात पाचव्या क्रमांकावर.

"पोरी, पुड्या संपल्या," मावशी ऋतुजाला म्हणाल्या. "आन् तोंड आलंय. भाकर गिळंना."

ऋतुजाने कागदावरची तारीख पाहिली. "पंधराच दिवस झालेत, मावशी. कधी कधी घेतल्या?"

"ह्या बाईंनी सांगितलं तवाच. बाजारादिवशी."

"कुठल्या बाजारादिवशी?"

"कुठल्या म्हंजी? मी माळवं इकती, भाजीपाला. शिरूरचा हाय, निमोण्याचा हाय, नदीपल्याडचा हाय. एक बी चुकवला न्हाई बघा!"

चार आठवड्यांच्या गोळ्या दोन आठवड्यांच्या आत पोटात गेल्या होत्या. ऋतुजा तोवर डॉक्टरांकडे पोचली होती. तोंड येणं हीच या औषधाच्या विषबाधेची खूण. त्यांनी गोळी बंद केली, लगेच रक्त तपासायला पाठवलं.

अहवाल येईपर्यंत दोन तास मी मावशींशेजारी बसून होते. डबा उघडलाच नाही.

"मावशी, चूक माझी आहे."

"व्हय, तुमचीच," त्या म्हणाल्या आणि माझ्या गुडघ्यावर थाप मारली. "तुम्ही बाजाराला पिशवी घिऊन जाता. आमी पाटी घिऊन. तुमाला कसं ठावं आसंल?"

अहवाल आला. पांढऱ्या पेशी उतरल्या होत्या, पण सावरण्याजोग्या. "आणखी चार पुड्या असत्या तर अवघड होतं," डॉक्टर म्हणाले. उतारा म्हणून दुसरी गोळी दिली, आठवड्याने पुन्हा बोलावलं.

परतताना भीमेच्या पुलावर मी मुलांची ती यादी ऋतुजाकडे दिली आणि पाचवा मुद्दा तूच दुरुस्त कर म्हटलं. गचके खात तिने लिहिलं:

'५. बाजाराला पिशवी घेऊन जाता की पाटी? आधी विचारणे.'