डोळे आखताना सांगायची पुस्तकं

गणपतीच्या कारखान्यात कितीही झाडलं तरी दोन गोष्टी कोपऱ्यांत साचतातच, शाडूची धूळ आणि किस्से. धूळ आम्ही सीझन संपला की धुऊन काढायचो. किस्से मात्र अजून अंगाला चिकटून आहेत.

नव्वदच्या दशकात मी पेणला नानांच्या कारखान्यात मूर्तींचे शेले आणि पीतांबर रंगवायचे. सगळ्यांचे हात रंगाने भरलेले, त्यामुळे कामाच्या वेळी कुणाला पान उलटता यायचं नाही. म्हणून आमच्याकडे एक रीत पडली. घरी जे काही वाचून झालं असेल, ते दुसऱ्या दिवशी बाकीच्यांना तोंडी सांगायचं. रेडिओ बिघडला तेव्हा सुरू झालेली ही रीत, रेडिओ दुरुस्त होऊन आला तरी चालूच राहिली.

नियम एकच, आणि तो बबनदादामुळे. बबनदादा आमचा डोळे आखणारा. आखणी हे मूर्तीचं शेवटचं आणि सगळ्यात नाजूक काम, आणि या माणसाच्या मनात जे असेल ते थेट कुंचल्यात उतरायचं. एकदा पुस्तकातलं कुणीतरी वारलं, तर पठ्ठ्याने दिवसभर कुंचला हातात धरला नाही. तेव्हापासून तो आखणीला बसला की रडवणारं काही सांगायचं नाही, असं ठरलं.

हा नियम पुरेसा नाही, हे नानांनी दाखवून दिलं.

*

नानांना रहस्यकथांचा भारी नाद. एका सकाळी त्यांनी खुनाची गोष्ट सांगायला घेतली. बंगल्यातले सगळेच पाहुणे संशयित. बबनदादा डोळे आखता आखता माळ्याची चौकशी करत होता, स्वयंपाकीणबाईंवर डोळा ठेवून होता.

संध्याकाळी रोह्याचे एक गृहस्थ मूर्ती न्यायला आले. बराच वेळ समोर उभे राहिले. मग जरा डावीकडे सरकले, मग उजवीकडे.

"नाना, मूर्ती झकास हाय," ते म्हणाले, "पण बाप्पा माझ्यावर संशय घेतोय."

डोळे पुसून पुन्हा आखावे लागले. नानांच्या खुनांवर बंदी आली ती थेट विसर्जनापर्यंत!

*

माझी पाळी आली तेव्हा माझ्याकडे नवीन काहीच वाचलेलं नव्हतं. मग मी पाककृतींचं पुस्तक सांगितलं. उकडीच्या मोदकापासून भरल्या पापलेटापर्यंत, सगळं साहित्य-कृतीसकट. नाना मूर्तींच्या हातातले मोदक वळत होते. दुपारी बघते तर प्रत्येक मोदक लाडवाएवढा!

नाना ते काढून टाकायला निघाले होते. पण कासूहून आलेल्या एका गिऱ्हाइकाने मुद्दाम तसलीच एक मूर्ती मागून घेतली. आमचा बाप्पा खाऊन-पिऊन सुखी दिसू दे, म्हणाला.

*

बबनदादालाही आम्ही सोडलं नाही. एवढी ऐकतोस, एक तरी सांग म्हटलं. त्याने महिनाभर एक पुस्तक घरी ठेवलं. मग एका सोमवारी आला, मांडी ठोकून बसला, घसा साफ केला. आम्ही सगळे हात थांबवून बघत राहिलो.

"चांगलं हाय," तो म्हणाला.

पुढे? पुढे काही नाही. नानांनी फारच आग्रह केला तेव्हा त्याने आणखी माहिती दिली.

"जाड हाय."

*

आमच्यातली खरी सांगणारी म्हणजे रिबकामावशी. दवाखान्यातून नर्स म्हणून रिटायर झालेली, शेजारच्याच आळीत राहणारी. ती आमच्या इथल्या यहुदी लोकांपैकी, त्यांच्यात मूर्तिपूजा नाही. रोज येऊन दारातल्या लाकडी खुर्चीवर बसायची आणि म्हणायची, मूर्ती तुमच्या, गोष्टी माझ्या.

शनिवारी मात्र तिचा शब्बाथ, विश्रांतीचा वार; तो शुक्रवारी सूर्य मावळला की लागायचा. त्या दिवशी ती कसलंच काम करायची नाही. एका शुक्रवारी तिने गोष्टीतल्या नायिकेला विहिरीत पडलेलं ठेवलं आणि दिवेलागणीच्या आधी उठून घरी गेली. आमची रात्र कशीबशी गेली. सकाळी नाना स्वतः तिच्या दारात हजर. त्यांना फक्त एवढंच विचारायचं होतं, पोरगी वाचली की नाही?

मावशी उंबऱ्याशी आली.

"आज शनवार हाय, नाना. आज मी कुणाला विहिरीतनं काढणार नाय."

*

पुढे एकदा मावशीने सांगून संपवलेली एक कादंबरी मी तिच्याकडून वाचायला नेली. तिच्या तोंडून ऐकली तेव्हा शेवटी लग्न लागलं होतं, आम्ही सगळ्यांनी समाधानाने चहा प्यायला होता. पुस्तकात बघते तर नवरदेव कधीच मेलेला!

मी तिला एकटीला गाठून विचारलं. ती जराही गडबडली नाही.

"बबन डोळे आखत होता गो," ती म्हणाली. "आणि मी नर्स होते. शेवट डाक्टर सांगायचे, मला ती सवय नाय."

ही गोष्ट मी कुणालाच सांगितली नाही.

*

मग मावशीचं जायचं ठरलं. मुलगा इस्राएलला होता, त्याच्याकडे ती कायमची निघाली. आम्हाला फार वाईट वाटलं. त्यात तिची एक कादंबरी अर्धीच सांगून झाली होती. खाडीकाठची एक बाई आपलं घर सोडून समुद्रापार जाते, तिथपर्यंत. निघताना मावशीने ते पुस्तक माझ्या हातात दिलं आणि बजावलं, "पुढचं तू सांग. पण आधी एकटीनं वाच."

मी वाचलं. ती बाई शेवटच्या पानापर्यंत परत येत नाही.

दुसऱ्या दिवशी रोह्याच्या मंडळाची मोठी मूर्ती जायची होती. टेंपो दारात उभा, एक डोळा आखून झालेला, एक बाकी. कारखान्यात पाय ठेवायला जागा नव्हती, म्हणून नाना मावशीची खुर्ची उचलून माळ्यावर टाकायला निघाले.

"थांबा, नाना," बबनदादा म्हणाला. कुंचला मूर्तीच्या पापणीशी तसाच धरलेला. "सुमन, वाचलंस ना? ती बाई परत आली का गो?"

नाना खुर्ची धरून माझ्याकडे बघत राहिले.

"आली," मी म्हटलं.

बबनदादाने सावकाश दुसरा डोळा पुरा केला, मागे सरकून दोन्ही डोळे नीट बघितले.

"मग खुर्ची ऱ्हाऊ दे तिथंच."