मेहबूबचा नंबर

पडदा वर जातो. लोणावळा स्टेशनाबाहेरचा टॅक्सी स्टँड, जानेवारीतली सकाळ. डावीकडे चहाची गाडी. उजवीकडे भिंतीवर एक फळी, फळीला खिळे, आणि प्रत्येक खिळ्यावर एकेका ड्रायव्हरच्या नावाचा पत्र्याचा बिल्ला. जो आधी येईल त्याचा बिल्ला आधी. फेरी करून परतला की तो शेवटच्या खिळ्यावर. इथला कायदा एवढाच, आणि तो सांभाळायला रखमाजी हा सगळ्यांत जुना ड्रायव्हर खुर्ची टाकून बसलेला. पहिल्या खिळ्यावर नाव मेहबूबचं. पन्नाशी ओलांडलेला, इस्त्रीचा शर्ट, कामशेतला माझ्या शेजारी राहणारा. प्रवेश करतं एक गोरं जोडपं, कार्ल्याची लेणी बघायला निघालेलं.

मेहबूबनं दार उघडलं. तेवढ्यात तिसऱ्या नंबरचा तरणा अमृत पुढे आला, मेहबूबच्या खांद्यावर हात ठेवून त्या जोडप्याशी अगदी मायेनं इंग्रजीत बोलू लागला. मेहबूबला वाटलं, आपलं कौतुक चाललंय. साहेबानं काही विचारलं, त्यानं दोनदा मान हलवून 'येस सर' म्हटलं. बाईनं त्याच्याकडे कळवळून पाहिलं, आणि दोघं अमृतच्या गाडीत जाऊन बसली.

दुपारी चहाच्या गाडीपाशी अमृतनंच सगळ्यांना हसत सांगितलं. हा माणूस भला आहे, पण गाडी चालवताना याला घेरी येते, मागच्या आठवड्यात घाटात बेशुद्ध पडला, असं त्यानं पाहुण्यांना सांगितलं होतं. आणि वर या शहाण्यानं येस सर म्हटलं. स्टँड पोट धरून हसला, आणि मेहबूबनंच मान हलवली म्हणून रखमाजीनंही नंबर मोडल्याचं धरलं नाही.

हसणं दोन दिवसांत ओसरलं असतं. पण त्या जोडप्यानं काळजीपोटी आपल्या हॉटेलात सांगितलं, त्या हॉटेलानं दुसऱ्याला सांगितलं, आणि मेहबूबला घाटाची फेरी मिळेनाशी झाली. त्यानं डॉक्टरचा कागद आणला, कोण वाचतो? शेवटी रखमाजीनं त्याला बाजूला घेतलं. असंच चाललं तर स्टँडचं नाव जाईल, बिल्ला उतरवावा लागेल, म्हणाला. तीस वर्षं त्या फळीवर असलेला बिल्ला.

त्या संध्याकाळी तो माझ्याकडे आला. नाटक कंपनीत गोऱ्या साहेबाच्या भूमिका माझ्या वाट्याला यायच्या. वाक्यं नुसती पाठ करून भागत नसे, म्हणून आमच्या म्हाताऱ्या प्रॉम्प्टरनं माझ्याकडून व्याकरण घोटून घेतलं होतं. ते अजून शाबूत आहे. मेहबूब उंबऱ्यावरच म्हणाला, "आबा, मला सायेब व्हायचं न्हाई. अमृतला उत्तर देता येईल येवडी इंग्रजी शिकवा."

मी खलनायक पुष्कळ पाहिले. इतक्या द्वेषानं तालीम करणारा एकही पाहिला नाही. आम्ही सरळ क्रियापदांपासून सुरुवात केली. वॉक, वॉक्ड. ती त्याला आवडली. भूतकाळात जाताना सगळी एकच शेपूट लावतात आणि गपगुमान रांगेत उभी राहतात. रूप बदलणारी काढली तेव्हा त्यानं वही मिटली. म्हणाला, "ही समदी रांग मोडणारी. अमृतची भावकी."

प्रत्येक वाक्याचा कर्ता अमृत. अमृत वॉक्स, अमृत वॉक्ड, अमृत विल वॉक. म्हणजे त्याची गाडी जाईल आणि तो पायी फिरेल. आज्ञार्थात त्यानं अमृतला 'स्टॉप!' असा हुकूम सोडला की माझी सून हातातलं लाटणं घेऊन बाहेर यायची. संकेतार्थावर मात्र गाडी अडली. जर अमृत खोटं बोलला असता तर, असं वाक्य दिलं. त्यात जर-तर कुठं आहे, असं त्यानं मलाच विचारलं. हा नुसता सराव आहे, असं समजावल्यावर दहा पानं लिहून आणली. घेरी येण्याचं 'फेन्ट' आणि खोटं बोलण्याचं 'लाइ' ही दोन क्रियापदं तो सगळ्या काळांत आणि अर्थांत रोज म्हणायचा, नमाजाहून परतताना रस्त्यानंसुद्धा.

डिसेंबरात परदेशातल्या दोन वयस्क बायका स्टँडवर आल्या. त्यांना आठवडाभर लेणी बघत फिरायचं होतं. पहिला नंबर मेहबूबचा. मला दातांच्या डॉक्टरकडे जायचं होतं, म्हणून मी सकाळी त्याच्याच गाडीतून आलो होतो आणि चहा पीत उभा होतो. अमृतला राहवलं नाही. तोच हात खांद्यावर, तोच मायेचा आवाज, तीच घेरी.

मेहबूबनं त्याचं वाक्य पुरं होऊ दिलं. मग थांबला. माझ्या उभ्या आयुष्यात रंगमंचावर असा थांबा कुणाला घेता आला नाही.

"मॅडम, आय नेव्हर फेन्टेड. ही लाइड इन जॅन्युअरी. ही इज लाइंग नाऊ. टुमॉरो ही विल लाइ."

आणि खिशातून डॉक्टरचा कागद काढून दिला. थोरल्या बाईनं तो वाचला, मग अमृतकडे बघत राहिली. त्यानं खांद्यावरचा हात काढला. बायका मेहबूबच्या गाडीत बसल्या.

कुणी नंबर मोडायला गेलं तर ज्याचा नंबर त्यानंच शिक्षा सांगायची, अशी स्टँडची रीत. बहुधा सगळ्यांना चहा पाजण्यावर भागतं. संध्याकाळी रखमाजीनं विचारलं, तेव्हा मेहबूबला चहा नको होता. अमृत पहाटे पाचला आला तरी त्याचा बिल्ला शेवटच्या खिळ्यावर लावायचा, सबंध हंगाम. त्या दिवशी कुणी हसलं नाही. रखमाजीनं उठून बिल्ला हलवला.

फेब्रुवारीत अमृत माझ्या पायरीवर येऊन बसला. दिवसाला एखादी फेरी, कधी तीही नाही. मेहबूबभाईंच्या पाया पडून झालं, आता तुम्हीच सांगा, म्हणाला. पोरगं वाळून गेलं होतं. माझ्याच्यानं बघवेना. त्याला तिथंच बसवून मी शेजारी गेलो. मेहबूब अंगणात गाडी धूत होता. म्हटलं, झालं तेवढं पुरे कर. पोराला अक्कल आली आहे, तुझ्यासारखं त्यालाही चार चांगल्या गोष्टी शिकवतो मी, माझी जबाबदारी.

त्यानं बादली पुरी ओतली, काच पुसली आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "शिकवा की आबा, त्याला बी मोप शिकवा. बिल्ला मातर शेवटच्या खिळ्यावरच ऱ्हाईल."