सुभेदाराचा चेहरा

पिंपळगाव रेणुकाईत केशरबाईच्या घरी भिंतीवर एक सुभेदार होता. लाल कोट, छातीवर बिल्ले, कमरेला तलवार. तिच्या नवऱ्याचा, भिवाचा, खापरपणजा. कंपनी सरकारच्या फौजेत असताना जालन्याच्या छावणीत कुणी तरी त्याला समोर उभं करून लाकडी फळीवर रंगवलं होतं. नवी नवरी असताना केशरबाई त्या चित्रापुढंही पदर सावरायची.

पोरगा झाला, संपत, तो थेट सुभेदाराच्या तोंडाचा. तेच बसकं नाक, त्याच जाड भुवया, डावा डोळा जरासा बारीक. गल्लीत त्याला सुभेदारच म्हणत. मोठा झाला तसं त्यानं फौजेचं वेड घेतलं. भरतीला जायचा आणि दरवेळी छातीत कमी भरायचा. शहाऐंशी साली असाच परत आला, जेवला नाही. दुसऱ्या दिवशी "जालन्याला जाऊन येतो" म्हणून गेला, तो गेलाच. भिवानं औरंगाबाद, पुणं पालथं घातलं, खंगला आणि मेला.

भरतीसाठी काढलेले फोटो संपतनं सोबत नेले होते. घरात त्याचा दुसरा फोटो नव्हता. रानातून आली की केशरबाई सुभेदारापुढं बसायची. "जेवलास का रं?" विचारायची.

एक्याण्णवला धाकटा दीर सर्जेराव आला. "वैनी, औंदा बाबासाहेबांची शंभरावी जयंती हाय. आपला सुभेदार मिरवणुकीत पुढं ठेवू. पार पोपडे निघून राह्यले, कडूबा पेंटरकडून नीट करून आणतो."

"तोंडाला हात लावू नका म्हणावं, भाऊजी."

"बिलकुल न्हाई."

चित्र परत आलं ते चकचकीत. धारदार नाक, टपोरे डोळे, गुलाबी गाल. मिरवणुकीत लोकांनी हात जोडले.

"कसा दिसून राह्यला, वैनी?" सर्जेराव हरखून गेला होता.

"चांगला झाला," केशरबाई म्हणाली.

दुसऱ्या दिवशी ती भोकरदनला कडूबाच्या दुकानात गेली. तो पाट्या रंगवत होता.

"बाबा, वरचा रंग काढता येतो का? खाली माझं पोरगं हाय."

कडूबाला आधी कळेना. तिनं सगळं सांगितलं, तेव्हा त्यानं ब्रश खाली ठेवला.

"मावशी, रंग पार उकलून आल्ता. मी आधी पॉलिश पेपरनं घासून घेतला. खाली आता नुसती फळी हाय."

केशरबाई एसटीनं घरी आली. डोळे मिटून ती संपतला आठवायची. आधी भुवया यायच्या, नाक यायचं. पुढं पुढं मध्येच तो गुलाबी गालांचा माणूस यायला लागला.

संपत आला नाही. म्हातारपणी कुणी विचारलं, पोरगा कसा होता दिसायला, तर ती म्हणायची, "सावळा होता." आणि पुढं तिला काही सांगता यायचं नाही.