काकांची पतसंस्था

आज पूर्णगडच्या पतसंस्थेत गवती चहाचा वास आला आणि शांतारामकाका आठवले. बाबा बोटीवरची नोकरी संपवून घरी आले, तेव्हा त्यांच्या या बालमित्राने ही संस्था नुकतीच काढली होती. आमच्या ओटीवर असाच चहा घेत काका म्हणाले, "पुंजी आमच्याकडेच ठेव रे."

बाबा खाली बघत म्हणाले, "कालच रत्नागिरीत बँकेत ठेवली. पोरीच्या लग्नाची आहे, शांताराम."

"माझ्यावर भरवसा नाय तुझा?"

काका चहा अर्धाच टाकून उठले.

मला तेव्हा बाबांचं बरोबर वाटलं होतं. पुढे पतसंस्थाही नीट चालली. माझ्या लग्नात काका आले नाहीत. शेवटची पंगत उठेपर्यंत बाबा मांडवाच्या तोंडाशी त्यांची वाट बघत उभे होते.