शून्य बरोबर सात

गणित घालताना मी आधी उत्तर ठरवते. एक्स तीन, वाय दोन, आणि मग उलट्या बाजूने दोन समीकरणं रचते. शिकवणीच्या मुलांची आकडेमोड झटकन सुटते, त्यांना हुरूप येतो आणि माझी तपासण्याची कटकट वाचते. त्यात माझा स्वभाव तापट. कुणी अडकलं, की वहीकडे न बघताच मी म्हणायची, "उत्तर येत नाही म्हणजे चूक तुझी. परत कर."

यंदा दहावीचा गणिताचा पेपर सुटल्यावर शिकवणीतली एक मुलगी थेट माझ्या पडवीत आली. मिरकरवाड्यातली, वडील मच्छीमारी लाँचवर तांडेल. हिला मात्र दापोलीला शेतकी शिकायचंय, त्यासाठी आधी सायन्सला प्रवेश हवा, म्हणून या मार्कांवर तिचा सगळा जीव. बस म्हटलं तरी उभीच राहिली.

"बाई, एक गणित सुटलाच नाय. त्याच्यापायी पुढची दोन रवली."

प्रश्न होता, दोन समीकरणांना किती उकली आहेत ते ठरवा. हिने नेहमीसारखं पहिल्याला दोनाने गुणलं, दुसऱ्यातून वजा केलं. एक्स गेला, वायही गेला, उरलं शून्य बरोबर सात. तिने ते खोडलं. परत केलं, परत तेच. घंटा होईपर्यंत ती आपली चूक शोधत बसली होती.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिचं पहिल्या झटक्यातच बरोबर आलं होतं. शून्य काही सात होत नाही, म्हणजे त्या दोन समीकरणांच्या रेषा कुठेच भेटत नाहीत. एकही उकल नाही, एवढं लिहिलं की झालं. पण तो भाग मी 'घरी वाचून घ्या' म्हणत उरकला होता, आणि न सुटणारं गणित तिने माझ्याकडे कधी बघितलंच नव्हतं.

मी तिला हे सगळं सांगितलं. म्हटलं, तू चुकली नाहीस, मी चुकले, मीच तुम्हाला भलती सवय लावली. असं बोलायची मला सवय नाही.

ती कसनुसं हसली. "तुमचा कसा चुकंल, बाई? माझाच कायतरी झाला असंल."

मग ती खाली बसली, प्रश्नपत्रिका मांडीवर पसरली आणि परत वजाबाकी करायला लागली.