हळू आवाजातली मराठी

"टॅक्स हा तुम्हा लोकांचा विषय नाही गं," सर म्हणाले. "लेबर लॉ घे. तुमच्यासाठी तोच बरा."

मराठीत म्हणाले. हळू आवाजात, हसत हसत. टेबलापलीकडे त्यांच्या शेजारी आणखी दोघे बसले होते, दोघेही लखनौचे. त्यांना वाटलं, परमुलखात मराठी माणसं भेटली, आपुलकीनं बोलताहेत. एकाने तर कौतुकानं मान डोलावली.

कर कायद्यातल्या एलएलएमच्या प्रवेशाची मुलाखत होती ती. बाजार नुकता खुला झाला होता. हज़रतगंजात टॅक्सच्या वकिलांच्या पाट्या वाढत होत्या. आमच्या लोकांना जामिनाच्या केसेस मिळतात, फार तर नोकरीवरून काढल्याच्या. टॅक्सच्या खोलीत आमचं कुणी नव्हतं. मला तिथंच जायचं होतं.

लखनौत आमचं आडनाव कुणाला वाचता येत नाही. बाबा फौजेतून निवृत्त झाले आणि आम्ही इंदिरा नगरात भाड्यानं राहिलो. मराठी म्हणजे पंडितच, म्हणजे ब्राह्मण, असं घरमालकानं परस्पर ठरवून टाकलं. आम्हीही बोललो नाही. इथं आमची जात वाचायला मराठीच माणूस लागतो.

सरांनी ती वाचली. आधी आडनाव विचारलं. मग गाव. वर्ध्याकडचं म्हटल्यावर, "वस्ती कुठली?" इथपर्यंत आले. कर कायद्यावर एकही प्रश्न नाही. आणि मग ते वाक्य.

लखनौत अपमानसुद्धा 'आप' लावून करतात. आमच्या सरांनी तो मायबोलीत केला, 'तू' लावून. माझे कान तापले. लहानपणापासून शिकवलेलं तोंडाशी आलं: जी सर, थँक्यू सर, उठायचं आणि निघायचं.

सर शेजाऱ्यांकडे वळले. "कुछ नहीं, घर की बात कर रहे थे."

घर की बात! त्या तीन शब्दांनी माझं डोकं सणकलं.

मी त्या दोघांकडे पाहून मोठ्यानं म्हणाले, "सर कह रहे हैं कि टैक्स तुम लोगों का विषय नहीं है. लेबर लॉ ले लो, तुम्हारे लिए वही ठीक है. उससे पहले पूछा कि गाँव में हमारी बस्ती कौन सी है."

मघाशी मान डोलावणारे साहेब खाली बघू लागले. दुसरे, वयानं मोठे, समजुतीच्या सुरात म्हणाले, "बेटी, ऐसी बातें यहाँ नहीं कहते."

"कहा मैंने नहीं है सर. मैंने सिर्फ़ हिंदी की है."

मग त्यांनीच नाइलाजानं विचारलं, टॅक्सच का? मी म्हणाले, "साबुन की टिकिया पर मेरी माँ भी टैक्स देती है. हमसे लेते वक़्त तो कोई बस्ती नहीं पूछता." त्यानंतर त्यांनी कायद्याचं विचारलं. आलं तेवढं सांगितलं, नाही आलं ते नाही म्हटलं.

बाहेर ऑफिसातल्या बाबूनं गाठलं. आतली बातमी माझ्याआधी त्याच्यापर्यंत पोचली होती. "मैडम, सर से माफ़ी माँग लीजिए. लिस्ट अभी लगी नहीं है."

घरी सांगितलं तर बाबा हादरले. ज्या माणसानं सीमेवर बंदूक धरली, तो एका प्रोफेसरला घाबरला. "मागून टाक ना वं माफी. सीट मोठी का तोंड मोठं?"

मला बाबांचा राग आला. त्याहून जास्त वाईट वाटलं.

आई कणीक मळत होती. आम्ही इथं आलो त्या वर्षी एका मराठी बँकवाल्यांच्या बायकोनं तिला हळदीकुंकवाला बोलावलं होतं. तिथं बोलता बोलता गाव निघालं, आडनाव निघालं. बाईंनी वाण वरून टाकलं, हात लागू न देता. पुढच्या वर्षी बोलावणं नाही. आई याबद्दल कधी बोलली नव्हती. त्या दिवशी परातीतून हात न काढता म्हणाली, "नाही मागाची माफी. मी चूप राह्यली. तू नको राहू."

मी माफी मागितली नाही. सीट गेली असंच धरून चालले होते.

यादी लागली. माझं नाव होतं, सगळ्यात खाली. उपकार कुणाचे नव्हते. बोललेलं सगळ्यांनी ऐकलं होतं, आता नाव गाळणं अवघड होतं, एवढंच.

पहिला तास सरांचाच. मी पहिल्या बाकावर बसले. हजेरी झाली. सर माझ्या बाकाशी थांबले, किंचित वाकले आणि त्याच हळू आवाजात म्हणाले, "घुसलीस ना शेवटी?"

मी उभी राहिले. वर्गाकडे तोंड केलं.

"सर ने अभी मराठी में मुझसे कुछ कहा है," मी म्हणाले. "मैं सबको बताती हूँ."

तेव्हापासून माझा हाच कायदा आहे. माझ्याशी बोलायचं तर सगळ्यांना ऐकू जाईल असं बोला. हळू बोललात, तर मी भाषांतर करीन. शब्दाला शब्द.