खात्रीबाईंचा अंदाज

माझ्या थोरल्या जाऊबाईंना इस्पितळात सगळे खात्रीबाई म्हणतात. तोंडावर अर्थातच मॅडम. इस्पितळाच्या तळमजल्यावर औषधांची खिडकी आहे, तिच्यामागे त्या एकवीस वर्षं बसत होत्या. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर एखादं अक्षर जरी गिचमिड दिसलं, तरी त्या गोळी देत नसत. चिठ्ठी बाजूला ठेवायच्या, फोन उचलायच्या आणि डॉक्टरांना विचारायच्या, "खात्री आहे ना?" रांगेतले लोक पाय आपटायचे, डॉक्टर वैतागायचे. बाई मात्र ढिम्म.

घरीही तेच. "ताई, आज पाऊस येईल का हो?" असं विचारलं की "आल्यावर सांगते" असं उत्तर मिळायचं. लग्नाआधी भाऊजींनी, म्हणजे त्यांच्या नवऱ्यानं, "मी तुम्हाला पसंत आहे का?" असं विचारलं होतं, तेव्हा त्यांनी दोन आठवड्यांची मुदत मागून घेतली होती. भाऊजी ही गोष्ट अजूनही येईल त्या पाहुण्याला सांगतात.

मी त्यांच्या अगदी उलट. मी शाळेत इंग्रजी शिकवते, भरपूर बोलते आणि निम्म्या गोष्टी ठोकून देते. त्यातल्या बऱ्याचशा बरोबर येतात, बाकीच्या कुणी तपासायला येत नाही. आम्ही खालच्या मजल्यावर, ताई वरच्या मजल्यावर. स्वयंपाकघर मात्र एकच. तिथल्या टेबलाशी बसून एके दिवशी जेवता जेवता ताईंनी जाहीर केलं की त्यांना परदेशात एक वर्षाचा अभ्यासक्रम करायचा आहे, कॉलेजनं जागाही दिली आहे, फक्त इंग्रजीची परीक्षा तेवढी पास व्हायला हवी.

सगळ्यांचे घास हातातच राहिले. आमचे सासरे, ज्यांना आम्ही मामंजी म्हणतो, तेवढे जेवत राहिले.

"आता या वयात कशाला?" भाऊजींनी विचारलं. ताई तेव्हा चव्वेचाळीस वर्षांच्या होत्या.

"तिकडे फार्मासिस्ट खिडकीत नसतो," ताई म्हणाल्या. "पेशंटच्या खाटेपाशी असतो. डॉक्टर त्याला विचारून औषध ठरवतात. मी एकवीस वर्षं दीड फुटाच्या खिडकीतून नुसते हात बघतेय लोकांचे. चेहरे बघायला वाकावं लागतं."

एवढं लांबलचक वाक्य त्या क्वचितच बोलत. मामंजींनी वाटी पुढे करून आमटी मागितली, म्हणजे ठराव मंजूर झाला.

परीक्षेत चार भाग होते. लिहिणं आणि बोलणं यांत ताई बऱ्यापैकी निघाल्या. घोडं अडलं ते वाचून समजण्यात आणि ऐकून समजण्यात. दोन्हींत चाळीस चाळीस प्रश्न, बहुतेकांना तीन पर्याय, आणि दोन्हींत किमान तीस गुण हवेत. पहिल्या वेळी वाचनात पंचवीस आले, ऐकण्यात बावीस. दुसऱ्या वेळी सत्तावीस आणि तेवीस. कॉलेजनं कळवलं की जागा आणखी तीन महिने राखून ठेवू, त्यानंतर नाही. म्हणजे तिसरी खेप शेवटची.

आता घरात इंग्रजीची मास्तरीण असताना शिकवणी कुणाकडे लावणार? मी पदर खोचला. रोज संध्याकाळी साडेपाचला, मी शाळेतून आणि त्या इस्पितळातून आल्यावर, टेबलावर चहाचे कप आणि मधोमध माझा मोबाइल. मी त्यांना बातम्या ऐकवल्या, भाषणं ऐकवली, मधमाश्यांपासून पुलांच्या बांधणीपर्यंत मिळतील ते उतारे वाचायला लावले. थोरल्या जावेला रागवायची संधी सोळा वर्षांत पहिल्यांदा मिळत होती, ती मी सोडली नाही हे कबूल करते. "ताई, लक्ष कुठेय?" असं मी दिवसातून चारदा म्हणायची. त्या निमूट ऐकून घ्यायच्या.

सराव परीक्षेचा पेपर मात्र त्या स्वतःच तपासायच्या. "तू दिवसभर शाळेत वह्या तपासतेस, घरी नको," म्हणायच्या. मला वाटलं, केवढी माझी काळजी! मग त्या वही मिटून आकडा तेवढा सांगायच्या. तेवीस. एकवीस. बावीस. मी डोक्याला हात लावायची आणि दुसऱ्या दिवशी आणखी अवघड उतारा काढायची. दीड महिना असा गेला. आकडा हलेना. मला आतून वाटायला लागलं होतं की ताईंच्या डोक्यात इंग्रजी शिरणं कठीणच आहे. हे मी आमच्या ह्यांना एकदा बोलूनही दाखवलं.

एके दिवशी शाळेला सुट्टी होती आणि ताई कामावर होत्या. टेबल पुसताना त्यांची वही हाती लागली. मोठ्या जावेची वही उघडू नये, हे मला कळतं. मी उघडली.

प्रत्येक पानावर पट्टीनं आखलेल्या चाळीस चौकटी. एका पानावर बावीस चौकटींत उत्तरं, बावीसही बरोबर. उरलेल्या अठरा चौकटी कोऱ्या. पुढच्या पानावर एकवीस बरोबर, एकोणीस कोऱ्या. मी भराभरा सगळी वही पालथी घातली. अख्ख्या वहीत चुकीची फुली एकही नव्हती.

मी खुर्चीवर बसले. वीस वर्षं मी शिकवतेय. एखाद्या मुलानं नऊ चुकीची उत्तरं लिहिली तर मला ते लगेच दिसतं. कोरी जागा मात्र मी कधी नीट पाहिली नव्हती. ज्या बाईला मी दीड महिना मठ्ठ समजत होते, तिनं लिहिलेलं एकही उत्तर चुकलेलं नव्हतं. मला स्वतःची इतकी लाज वाटली की वही घेऊन मी तशीच इस्पितळात गेले.

खिडकीपुढे रांग होती. मी बाजूच्या बाकावर बसले. एका म्हाताऱ्यांची चिठ्ठी ताईंनी उजेडाकडे धरली आणि फोन उचलला. म्हातारे म्हणाले, "अहो, मागच्या वेळचीच गोळी आहे, द्या ना." ताई म्हणाल्या, "असेल. विचारते." डॉक्टर फोनवर सापडायला दहा मिनिटं लागली. गोळी मागच्या वेळचीच होती.

रांग सरल्यावर मी वही त्यांच्यापुढे धरली. "ताई, हे काय आहे? या जागा कोऱ्या का?"

त्या जरा रागावल्या, पण मी वही उघडली म्हणून ओरडल्या नाहीत. "ते मला नक्की माहीत नव्हतं," त्या म्हणाल्या.

"अहो, पण चुकलं तर गुण कापत नाहीत! तीनातलं एक ठोकून द्यायचं! सगळं जग तेच करतं!"

"अंदाजानं?" हा शब्द त्यांनी असा उच्चारला, की जणू मी त्यांना पाकीट मारायला सांगत होते.

मग त्यांनी खिडकीची काच लावून घेतली आणि मला आत बोलावलं. नोकरीच्या पहिल्या वर्षी, इथं नव्हे, एका छोट्या दुकानात असताना, त्यांनी एकदा अंदाज केला होता. एका बाईच्या चिठ्ठीवरचा आकडा पुसट होता, गर्दी होती, मालक ओरडत होता. त्यांनी जास्तीचा आकडा धरला. ती बाई चार दिवस इस्पितळात राहून बरी झाली, कुणी तक्रारही केली नाही. "अंदाज केला तर आठवड्यातून सहा दिवस बरोबरच येतो गं," ताई म्हणाल्या. "सातव्या दिवशी कोण येईल खिडकीत, ते आपल्याला माहीत नसतं."

मी वही मिटून पिशवीत टाकली.

दुसऱ्या दिवसापासून उतारे बंद. मी ताईंना अंदाज करायला शिकवू लागले आणि हे काम मधमाश्यांपेक्षा फार अवघड निघालं. सगळं घर त्यात पडलं. भाऊजी पिशवी पाठीमागे लपवून विचारायचे, "ओळख बरं, काय आणलं असेल?" ताई म्हणायच्या, "पिशवी दाखव." दाराची घंटा वाजली की मामंजी ओरडायचे, "थोरल्या सूनबाई, कोण असेल?" ताई उठून दार उघडायच्या आणि सांगायच्या, "शेजारीण आहे." एकदा मी त्यांना वाचनालयातला एक संवाद ऐकवला. त्यातला माणूस म्हणतो की मी गेल्याच आठवड्यात या भागात राहायला आलो. प्रश्न होता, सभासद व्हायला त्याला कोणता कागद आणावा लागेल.

"पत्त्याचा पुरावा, ताई! सरळ आहे!"

"तो तसं म्हणाला नाही."

"म्हणाला नाही, पण कळतं ना!"

"त्याला विचारून घ्यायला हवं," ताई गंभीरपणे म्हणाल्या आणि मोबाइलकडे पाहत राहिल्या. मामंजी इतके हसले की त्यांना ठसका लागला.

तोडगा शेवटी ताईंनीच काढला. त्या म्हणाल्या, "मी अंदाज करीन. पण तो अंदाज आहे, हे कुठंतरी लिहिलेलं पाहिजे. खात्रीचं आणि अंदाजाचं एकाच रकान्यात बसवणार नाही." उत्तरपत्रिकेवर जादा खूण चालत नाही, हे मला माहीत होतं. प्रश्नपत्रिकेवर मात्र हवं ते लिहिता येतं. मग ठरलं. जिथं अंदाज, तिथं प्रश्नपत्रिकेत पेन्सिलीचा एक ठिपका. पहिला ठिपका देण्याआधी त्यांनी पेन्सिल दोनदा खाली ठेवली. त्या संध्याकाळी चाळीसपैकी एकोणतीस आले. दोन आठवड्यांनी एकतीस. वहीत पहिल्यांदाच फुल्या उमटल्या आणि मी त्या पाहून टाळ्या वाजवल्या. चुकांसाठी टाळ्या वाजवणारी मी पहिलीच मास्तरीण असेन.

परीक्षेच्या दिवशी मी रजा काढून केंद्राबाहेर उभी राहिले. ताई शांतपणे बाहेर आल्या, पाणी प्यायल्या.

"सगळं भरलंत ना?"

"वाचनाचं सगळं. ऐकण्यात एकोणचाळीस."

"आणि चाळिसावा?"

"एक नर्स फोनवर दुसरीला डोस सांगत होती. नेमकं तेव्हाच कुणीतरी खुर्ची ओढली. आकडा ऐकूच आला नाही."

"मग ठिपका द्यायचा! त्यासाठीच तर ठिपका काढला ना आपण!"

"लहान मुलाचा डोस होता गं," ताई म्हणाल्या.

मी रस्त्यातच त्यांच्यावर ओरडले. म्हटलं, ते मूल खरं नाही, ती नर्स खरी नाही, ती एक पगारी बाई आहे, खोलीत बसून कागद वाचतेय! एका गुणानं जागा गेली तर? वर्षभराची मेहनत, माझे दोन महिने, सगळं एका खोट्या मुलापायी? येणारे जाणारे बघायला लागले. ताईंनी माझं बोलणं संपेपर्यंत वाट पाहिली आणि म्हणाल्या, "मला माहीत आहे, ते खरं नाही. हात उचलला नाही, त्याला काय करू?"

निकालाला वीस दिवस होते. ते वीस दिवस माझा जीव टांगणीला लागला होता. ताई रोज वेळेवर कामाला जात होत्या. निकाल आला तेव्हा त्या माझ्याच मोबाइलवर पाहायला बसल्या. वाचन, बत्तीस. ऐकणं, तीस.

तीस! मी किंचाळले, भाऊजींनी मामंजींना मिठी मारली, आमचे हे फोनवरच हुर्रे ओरडले. ताईंच्या डोळ्यांत पाणी आलं, ते मी पाहिलं. त्यांनी ते बोटानं टिपलं आणि लगेच हिशेबाला लागल्या. "तेरा ठिपके दिले होते मी. सव्वीस खात्रीचे. म्हणजे तेरापैकी चारच बरोबर आले?" त्यांचा चेहरा उतरला. "खिडकीत असं केलं असतं तर नऊ जणांना..."

"ताई," मी म्हटलं, "आज एक दिवस तरी पास व्हा हो नुसत्या." तेव्हा कुठे त्या हसल्या.

जाण्याआधी त्यांनी मामंजींच्या औषधांचा डबा माझ्या हवाली केला. सकाळ, दुपार, संध्याकाळ, प्रत्येक कप्प्यावर सुबक अक्षरात चिठ्ठी. मला वाटलं, त्या काहीतरी बजावतील. त्यांनी नुसता डबा दिला, माझ्या पाठीवर हात ठेवला आणि गाडीत बसल्या. मी रडले. सोळा वर्षं एका स्वयंपाकघरात काढली होती आम्ही.

त्यांना जाऊन महिना झाला असेल. मामंजींची एक गोळी इस्पितळातल्या डॉक्टरांनी बदलून दिली. मी चिठ्ठी पाहिली. पहिला आकडा एक होता की अर्धा, ते नीट कळत नव्हतं.

"दे की," मामंजी म्हणाले. "अर्धीच असणार. आधीची अर्धीच होती."

मलाही अर्धीच वाटत होती. पूर्वीची मी असते तर देऊन मोकळी झाले असते. मी चिठ्ठी खिडकीशी नेऊन उजेडाकडे धरली, मग डबा बंद केला आणि फोन उचलला. डॉक्टर सापडायला बराच वेळ लागला. मामंजी दोनदा म्हणाले की भूक लागली आहे.

"कोण बोलतंय?" डॉक्टर वैतागून म्हणाले. "खात्रीबाई तर परदेशात गेल्या ना?"

"हो, गेल्या," मी म्हटलं. "मी त्यांची धाकटी जाऊ. आता सांगा, अर्धी की एक?"